समजा, जळगाव जळालं

"आजी, नाव सांगा ना!" कॉम्प्युटर क्लासच्या मॅडम म्हणाल्या. त्यांच्या कानाला फोन होता आणि फोनवर जळगावचे डॉक्टर ओरडत होते, ते मला टेबलापलीकडे ऐकू येत होतं. असोद्याची एक बाई बाळंत झाली होती. मुलगी झाली होती, आणि बाईचं रक्त थांबत नव्हतं. तिचं रक्त दुर्मीळ जातीचं. तसं रक्त देणारी माणसं कोण, कुठं राहतात, हे जळगावच्या रक्तपेढीच्या कॉम्प्युटरमध्ये होतं, आणि रक्तपेढी त्याच दिवशी सकाळी जळाली होती. त्या नावांची नक्कल धुळ्यात माझ्या घरी टेपवर होती. ती टेप मी आणली, मॅडमनी यंत्रात घातली, आणि यंत्र परवलीचं नाव मागत होतं. शुद्धीवर असलेल्या माणसांत ते नाव एकट्या मला ठाऊक होतं, आणि माझी जीभ उचलत नव्हती.

हा सगळा उद्योग माझ्या धाकट्या दिरांचा. अख्ख्या खानदेशात भाऊजींएवढा भित्रा माणूस झाला नाही, आणि पुढं होईल असं वाटत नाही. फिरत्या पंख्याखाली ते बसत नसत. स्वतःच्या लग्नात त्यांनी होमाशेजारी वाळूच्या दोन बादल्या ठेवल्या होत्या. भटजींनी विचारलं, "हे कोणतं दैवत?" भाऊजी म्हणाले, "तुमचा मंत्र चुकला तर लागेल." घराला कुलूप लावून निघाले की कोपऱ्यावरून परत यायचे, कुलूप ओढून पाहायचे, पुन्हा निघायचे, पुन्हा यायचे. बायको तोवर रिक्षात बसून वाटाणे सोलायची. एसटीत चढले की 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' लिहिलेल्या दारापाशी बसायचे, आणि ते दार खरंच उघडतं का हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा पारोळ्याच्या अलीकडे चालत्या गाडीत ते उघडलं आणि एका म्हाताऱ्याचं वांग्यांचं गाठोडं रस्त्यावर गेलं. कंडक्टरने भाऊजींनाही तिथंच उतरवलं. घरी आले ते धुळीने भरलेले, पण खूश. म्हणाले, "वहिनी, उघडतं बरं का दार!"

मी त्यांना हसत असे, पण ही भीती कुठून आली ते मला माहीत होतं. आमच्या मालकांना दोंडाईच्याच्या रस्त्यावर ट्रकने उडवलं, तेव्हा दवाखान्यात त्यांना लागणारं रक्त नव्हतं. भाऊजी सायकल घेऊन दारोदार फिरले. रक्त घेऊन आले तेव्हा मी मालकांच्या उशाशी बसलेली होते आणि रक्ताचा उपयोग उरला नव्हता. पुढं भाऊजी रक्तपेढीत लागले. कॉम्प्युटर आला तसा तो त्यांच्याच ताब्यात आला, आणि त्यांना घाबरायला नवी जागा मिळाली.

दर पंधरवड्याला ते जळगावहून एसटीने धुळ्याला यायचे. मांडीवर पत्र्याचा डबा, डब्यात फडक्यात गुंडाळलेली टेप. दिसायला साबणाच्या वडीएवढी. मी विचारलं, "धुळ्याला कशाला? जळगावात कपाटं नाहीत?" तर म्हणाले, "वहिनी, बठ्ठं जळी गयं ते? सगळंच जळालं तर?" मी म्हटलं, "मग धुळं जळालं तर?" त्यांचा चेहरा असा उतरला की मला लगेच चहा ठेवावा लागला.

त्या टेपवर रक्त देणाऱ्यांची नावं होती, आणि कुणाच्या रक्तात कोणता आजार निघाला तेही होतं. त्या दिवसांत नवा रोग आला होता. नुसता संशय आला तरी मुलींची लग्नं मोडत. म्हणून भाऊजींनी टेपवरचं लिखाण असं उलटंपालटं करून ठेवलं होतं की परवलीचं नाव दिल्याशिवाय कुणाला वाचता येऊ नये. माझ्या घरी त्यांनी डब्याची जागा ठरवून दिली. रेडिओजवळ नको, चुलीजवळ नको, खिडकीत नको. गोधड्यांच्या चळतीत ठेवायचा. उन्हाळ्यात मी उडदाचे पापड वाळत घातले तेव्हा वाटलं, याही वस्तूंना ऊन दाखवावं, नाहीतर कीड लागेल. गच्चीवर पापडांच्या रांगेत टेपा मांडल्या. नेमके भाऊजी आले. ओरडलेसुद्धा नाहीत. छत्री उघडून टेपांवर धरली आणि स्वतः वैशाखाच्या उन्हात उभे राहिले, मी एकेक टेप उचलून आत नेईपर्यंत. मग म्हणाले, "वहिनी, पापड मात्र चांगले झाले आहेत."

आणि तालीम! दर महिन्याला तालीम. आमच्या गल्लीतल्या क्लासमध्ये त्यांनी टेप वाचायचं यंत्र बसवून घेतलं होतं. मला बसवून सांगायचे, "समजा, जळगाव जळालं. समजा, मी मेलो."

"मग मी टेप घेऊन जाऊ की तेराव्याला येऊ?"

"आधी टेप."

मग मी डबा घेऊन चालत क्लासला जायची, मॅडम टेप घालायच्या, आणि यंत्राने नाव मागितलं की भाऊजी आम्हा दोघींना भिंतीकडे तोंड करायला लावून स्वतः नाव मारायचे. सगळं उघडायचं. तालीम संपली, भजी खाल्ली, भाऊजी एसटीत बसले.

त्या नावाचं असं. सासूबाईंची दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरे आमचे मालक झाले, तेव्हा सासूबाईंनी त्यांना उकिरड्यावर टाकलं, सुईणीने उचलून आणलं आणि तसलंच नाव ठेवलं, म्हणजे मरणाला वाटावं, हे टाकलेलं पोर आहे, आपल्या कामाचं नाही. शाळेतलं नाव वेगळं होतं, दारावरची पाटी वेगळी. हे नाव घरातच राहिलं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, "नवऱ्याचं कोणतंच नाव घेऊ नको. ते तर कधीच नको. मरणाला ऐकू जाईल." मी घेतलं नाही. मालक गेल्यावरही घेतलं नाही. भाऊजींनी परवलीला तेच निवडलं आणि फुशारकीने मला सांगितलं, "वहिनी, तुमच्या तोंडून ते फुटणं शक्य नाही. याहून पक्कं कुलूप कुठं मिळणार?"

सगळ्या जगाची भीती बाळगणाऱ्या माणसाला ही एक गोष्ट सुचली नाही.

आग लागली तेव्हा भाऊजी सगळ्यांच्या आधी बाहेर आले होते. मग त्यांना शंका आली, मेन स्वीच बंद केला की नाही. पाहायला परत आत गेले. धुरात पडले. डॉक्टर फोनवर तेही सांगत होते, की घशात नळी आहे, शुद्ध नाही, काही विचारता येत नाही.

"आजी, आठवत नाही का?" मॅडम म्हणाल्या.

"आठवतं. घेता येत नाही."

"अहो, बाई मरेल तिकडे!"

"मग लिहून देते." त्यांनी पेन दिलं. मी चौथी शिकलेली, पण ते नाव कधी लिहिलंही नव्हतं. पेन कागदावर टेकलं आणि तिथंच थांबलं. भाऊजी तिकडे नळी घालून पडले आहेत. आज मरण याच घराच्या आसपास फिरतं आहे, आणि मी त्याला हाक मारू? मग मीच मला म्हटलं, बये, ज्याच्यापासून लपवायचं त्याने तर तुझा माणूस कधीच नेला. आता कुणापासून लपवतेस?

"उखर्डू," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. मॅडम दचकल्या.

त्या घाईघाईने नाव मारू लागल्या. पहिल्या वेळी चुकीचं मारलं गेलं, यंत्राने नाही म्हटलं. मला ते वैशाखातलं ऊन आठवलं. टेप तेव्हाच तापून बिघडली की काय! दुसऱ्या वेळी पडद्यावर नावं येऊ लागली. मॅडम फोनवर वाचत गेल्या. त्यातला एक माणूस जळगावातच राहत होता, त्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर.

भाऊजींना मी भेटायला गेले तेव्हा नळी निघाली होती. आवाज घोगरा. पहिलं विचारलं, "मेन स्वीच?"

"बंदच होता म्हणे."

त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. पलंग नेमका पंख्याखाली होता. मग म्हणाले, "वहिनी, नाव फुटलं. बदलावं लागेल."

बदललं त्यांनी. माझ्या सासऱ्यांचं ठेवलं! एवढं मात्र केलं, की त्यानंतर प्रत्येक तालमीत ते मला मोठ्याने म्हणायला लावलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

जुनं नाव मी अजून घेते, घरात कुणी नसलं की. चांगलं वाटतं तोंडाला.

त्या आगीच्या दिवसातून असोद्याची बाई वाचली, तिची मुलगी वाचली, आणि भाऊजी वाचले.