टिटवीची अंडी आणि आमची थाप

शाळेतून निवृत्त झाल्यावर मला पक्षी बघायचा नाद लागला. बारामतीत कालव्याजवळच्या बागेत रोज सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून फिरायची. सोबतीला सणसरचे तात्या. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता ते इथं मुलाकडं राहतात. मी दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत त्यांचा पक्षी बघून झालेला असायचा. याचा मला थोडा रागच होता.

गेल्या उन्हाळ्यात चालायच्या वाटेला लागून, उघड्या खडीवर टिटवीनं चार अंडी घातली. कोणी जवळून गेलं की ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडायची. फिरायला येणारे वैतागले. अंडी उचलून पलीकडं ठेवू, असं बोलणं सुरू झालं.

"हलवली तर ती बसायची न्हाय त्यावर," तात्या म्हणाले.

मी सगळ्यांना समजावून पाहिलं. कोणी ऐकेना. पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगण्यात जन्म गेला माझा, पण त्या दिवशी हळूच म्हटलं, "तात्या, तिथं साप दिसला असं सांगितलं तर?"

त्यांनी टोपी सारखी केली. "सांगायचं कशाला? नुसतं इचारायचं."

मग चार जण जमले की ते गंभीरपणे विचारायचे, "बाई, काल तितं सळसळलं ते काय हुतं ओ?" मी म्हणायची, "नीट दिसलं नाही." दोन दिवसांत ती बाजू ओस पडली.

तिसऱ्या दिवशी रखवालदारानं सर्पमित्र बोलावला. "कुठं दिसला, मॅडम?" त्यानं मलाच विचारलं. मी अंड्यांपासून लांब, मेंदीच्या कुंपणाकडं बोट केलं. तात्या आभाळाकडं बघत राहिले.

पाच मिनिटांत त्यानं कुंपणातून भली लांब धामण ओढून काढली.

लोक माझ्या नजरेचं कौतुक करू लागले. तात्या कानाशी आले. "बाई, तुमची दुर्बीण लई भारी हाय."

पुढं तीन पिल्लं निघाली. काड्यांवर कापसाचे बोळे ठेवावेत तशी. दुसऱ्याच दिवशी आईमागं तुरुतुरु गवतात गेली. मला मात्र चैन पडेना. शेवटी रखवालदाराला सगळं खरं सांगून टाकलं.

तो हसला. "चेष्टा करता व्हय मॅडम? साप तर मी माझ्या डोळ्यांनी बघितला."