पंतांच्या नावावर गेलेला माझा उशीर

कोपरा फाडलेलं कार्ड हातात पडलं तेव्हा दत्तोपंतांचं तेरावंसुद्धा होऊन गेलं होतं. कार्ड तुळजापूरहून, त्यांच्या मुलाचं, वसंताचं. अशा वेळी माणसाला रडू येतं म्हणतात. मला घाम फुटला. एक गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक होती, ती आता माझ्या एकट्याच्या अंगावर आली... माझं शिक्षण उर्दू चौथीपर्यंत. मराठी अक्षर पंतांनीच वळवून घेतलं. पेपरच्या पुरवणीला हे लिहून पाठवायचं ठरवलं, तर नातू म्हणाला, "तुम्ही सांगा, मी लिहितो." मी त्याला उठवून लावलं. हे दुसऱ्याच्या हातानं लिहायचं न्हाय.

उमरग्याच्या तालुका कचेरीत पंत टपालाचे कारकून आणि मी चपराशी. निजामाच्या वेळी उशीर झाला की साहेब उर्दूत चार शब्द सुनवायचा, विषय संपायचा. आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला, पुण्याकडचे साहेब आले आणि तांबड्या शाईत इंग्रजी शेरे पडू लागले. मला ते वाचता येत नव्हते, म्हणून जास्तच भ्या वाटायचं. पंत चाळिशीनंतर इंग्रजी शिकले, एका जाड कोशातून, दुपारची भाकरी खाता खाता. उशिराचे शब्द त्यांनी वेगळे काढले होते. विंचवाच्या जाती सांगाव्यात तसे ते मला सांगायचे.

"हे बघ बळीराम, लेट लिहिलं तर भिऊ नकोस. आजचं आज मिटतं. डिले म्हणजे कागद अडकला, तुझा संबंध नाही. डिटेन म्हणजे दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलं."

"आन् सगळ्यात वंगाळ कोणता?"

"स्लो. तो कागदाला लागत नाही, माणसाला लागतो. पेन्शनपर्यंत सोबत येतो. आणि लॉयटर त्याचा बाप. पाय थांबले आणि कारण काही नाही."

"एवढे उशिराचे. मग लवकरला किती शब्द हायेत, पंत?"

"कोण जाणे. आपल्या कचेरीत अजून गरज पडली नाही."

आम्हा चपराशांकडं घड्याळ नव्हतं. जावक बुकात टपाल कोणी नेलं ते पंत लगेच लिहीत, पण वेळेचा रकाना कोरा ठेवत आणि कामं उरकल्यावर सगळ्यांचा एकदम भरत. नियमात बसत नव्हतं, पण त्यांची याद पक्की होती. कधी कुणाची तक्रार आली नाही.

मग लोहाऱ्याकडच्या एका गावात पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली. पुढं दोन कोसांवर डॉक्टरांचा तळ होता. त्यांना ताबडतोब त्या गावात जायचा हुकूम, ते पाकीट पंतांनी सकाळीच माझ्या हातात दिलं. वाट गावातूनच जात होती. रझाकारांच्या धामधुमीत एकट्यानं टपाल नेलेला माणूस मी, सगळ्या कचेरीला ते ऐकवून झालेलं. पण लहानपणी माझी आई आणि थोरला भाऊ एकाच दिवशी पटकीनं गेले होते. गावाच्या शिवेवर पोचलो. दारांना लिंबाच्या डहाळ्या, रस्त्यावर चिटपाखरू न्हाय, आणि एका घरात कुणीतरी पाणी पाणी करत होतं. पाय उचलेना. बांधाआड बसलो... किती वेळ, ते आजही सांगता येत न्हाय. मग रानातून लांबचा वळसा घालून गेलो.

ऊन कलल्यावर तळावर पोचलो. डॉक्टरांनी पाकीट फोडलं, वर बघितलं. "दुपारच्या आत मिळालं असतं तर आजच निघालो असतो." ते दुसऱ्या सकाळी निघाले. तोवर गावातली एक बाळंतीण गेली होती. वाचली असती का, हे डॉक्टरही सांगू शकले न्हाईत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची पोच घेऊन कचेरीत परत आलो, तिच्यावरची वेळ बघून साहेबानं जाब मागितला. पंतांनी हळूच विचारलं, "वाटेत काय झालं?"

"भ्यालो."

जन्मात हा शब्द मी कुणापुढं काढला नव्हता.  पंतांनी जावक बुक ओढलं. पटकीच्या धांदलीत आदल्या दिवशीच्या पाकिटासमोर वेळ भरायची राहिलेली होती. तिथं त्यांनी दुपारचा एक लिहिला.

"पंत, हे काय करताय?"

"तुझ्या घरात खाणारी सात तोंडं आहेत. तुला काढतील. मला फार तर झापतील."

साहेबापुढं ते म्हणाले, "नजरचुकीनं माझ्याकडंच पडून राहिलं." त्यांच्या सेवापुस्तकात स्लो हा शेरा पडला. हेडक्लार्कची जागा त्यांच्या हाताखालच्याला मिळाली. कचेरीतली नवी पोरं त्यांना पाठीमागं गोगलगाय म्हणू लागली. पंतांनी मला कधी बोलून दाखवलं न्हाय. मीही कधी उपकार मानले न्हाईत, मी मागितले कुठं होते, असा माझा ताठा. एकदा ती पोरं हसली तेव्हा मीही हसलो होतो... हे लिहिल्याशिवाय बाकीचं लिहायचा मला हक्क न्हाय.

कार्ड आल्यावर तुळजापूरला गेलो. वसंतानं पंतांच्या बैठ्या मेजाशी बसवलं. टाक धुऊन ठेवलेला, कोश उघडाच. त्यानं चहा दिला आणि विचारलं, "बळीरामकाका, अप्पा म्हणायचे, माझ्या नावावर स्लो आहे, आणि हसायचे. खरंच होते का हो ते तसे?"

मी म्हणालो, "जुन्या गोष्टी, बाबा." आणि चहा तसाच टाकून मोटार गाठली.

वसंता, पाकीट सकाळी आठला माझ्या हातात होतं. तुझ्या वडलांनी ते घटकाभरही ठेवून घेतलं न्हाय. तो शेरा माझा आहे.

त्या बाळंतिणीचं लेकरू जगलं होतं. आता ते वाचण्याजोगं झालं असेल, आणि ही पुरवणी त्या गावातही जाते.  लेकरा, तू हे वाचलंस आणि जाब विचारायला यावंसं वाटलं, तर मी उमरग्यातच आहे. मला लई भ्या वाटतंय. पण दार लावून घेणार न्हाय.