कंपनीसाठी खाल्लेले पेढे

प्रिय मिहिर आणि सई,

मिहिर, नव्या नोकरीत पहिल्याच दिवशी तुझ्याकडून एका कागदावर सही घेतली, असं तू लिहिलंस. कंपनीत काय बनतं आणि कसं बनतं, ते घरातही सांगायचं नाही. खाली तू गमतीने विचारलं आहेस की आजी, तुमच्या काळी असं काही होतं का? होतं. कागद नव्हता, सासूबाई होत्या. आता ते गुपित राखायला दुकानच उरलेलं नाही, तेव्हा तुम्हा दोघांसाठी सगळं क्रमाने लिहिते.

तेव्हा परभणीत निजामाचं राज्य होतं. कचेरीतलं लिखाण उर्दूत चाले, बोरूने, आणि त्याला दाट काळी शाई लागे. ती आमच्या घरची असे. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दुकानावर ‘कंपनी’ अशी पाटी लावली होती. पण कंपनी म्हणजे मामंजी, तुमचे आजोबा आणि दोन दगडी खल. बाजारातली शाई दोन वर्षांत तांबूस पडायची, आमची काळीच राहायची. त्या वर्षी कचेऱ्यांचा ठेका नव्याने द्यायचा होता, आणि हद्दीपलीकडची एक मोठी शाई कंपनी त्यावर टपून बसली होती. ठेका गेला तर दुकान बंद, असं मामंजींनी जेवताना शांतपणे सांगितलं आणि भात मागितला.

आमचं गुपित काजळीत होतं. बाकीचे करडीच्या तेलाच्या दिव्यावर काजळी धरत, आम्ही हावरीच्या. हावरी म्हणजे तीळ. हा शब्द मलाही ठाऊक नव्हता. पुण्यात मॅट्रिक होऊन, चार इंग्रजी पुस्तकं ट्रंकेत घालून मी सासरी आले, आणि तिसऱ्याच दिवशी सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, “औंदा हावरी लय चांगली मिळाली.” मी माजघरात बसून रडले. संध्याकाळी तुमच्या आजोबांनी माझ्या हातावर मूठभर तीळ ठेवले, तेव्हा उलगडा झाला.

काजळी धरायचं काम राणीसावरगावात भागूबाई तेलिणीकडे होई. दर हिवाळ्यात ती आणायला सासूबाई आणि मी जात असू. बायका काजळ आणायला निघाल्या तर कुणाला कसला संशय येणार, असं मामंजींचं म्हणणं. त्या वर्षी निघताना त्यांनी सासूबाईंना तीनदा बजावलं, की वाटेत शाईबद्दल अक्षर बोलायचं नाही. सासूबाईंनी तीनदा मान हलवली.

परभणीच्या स्टेशनावर गाडी उशिरा आली, नेहमीप्रमाणे. डब्यात आमच्यासमोर काळी टोपी घातलेले एक गृहस्थ येऊन बसले. हातात पेढ्यांचा पुडा. नाव गोविंदराव, गाव नांदेड. गाडी सुटते न सुटते तोच त्यांनी सांगितलं की ते पुतण्यासाठी मुलगी बघत आहेत, पुतण्या वकील आहे. माझी नणंद कमल तेव्हा लग्नाची होती आणि दोन स्थळं हातची गेली होती. सासूबाई बाकावर पुढे सरकून बसल्या.

मग चौकशी सुरू झाली. स्थळ बघताना आपल्याकडे काय काय विचारतात ते तुम्हाला माहीत नसेल. घर, शेत, आजारपणं, भाऊबंदकी, सगळं विचारतात आणि सगळं सांगावं लागतं. पोलिसांनी नेऊन बसवलं तरी कुणी इतकं बोलणार नाही. सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे चहा लागत नाही. गोविंदराव म्हणाले, आमच्याकडेही नाही. सासूबाई म्हणाल्या, आमच्या कमलला कारल्याची भाजी आवडते. आमच्या पुतण्यालाही, असं गोविंदराव म्हणाले. सासूबाईंच्या चेहऱ्यावर मांडव दिसू लागला.

मी आपली धपाटे (ज्वारीच्या पिठाचे तिखट, पातळ थापलेले) खात होते. मला प्रवासात भूक फार लागते.

“आणि ती तुमची शाई,” गोविंदराव सहज म्हणाले, “इतकी काळी राहते कशी हो? आपलं कुतूहल म्हणून विचारतो.”

मी सासूबाईंच्या पायावर पाय ठेवला. त्यांनी तो बाजूला केला. दहा वर्षांत सख्ख्या बहिणीला जे सांगितलं नव्हतं, ते त्या बोलून गेल्या.

“आता सोयरे होणार तुमी, तुमच्यापासून काय लपवायचं? सगळं हावरीवर हाय. हावरी आमच्या हाताशी हाय तवर तशी शाई दुसऱ्या कुणाला जमायची न्हाई.”

माझा घास तोंडातच राहिला. तिसरं धपाटं होतं. गोविंदरावांनी माझ्याकडे पाहिलं, धपाट्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग सासूबाईंच्या बाजूचा पेढ्यांचा पुडा उचलून हळूच माझ्या बाजूला ठेवला.

मला दोन गोष्टी एकदम कळल्या. नांदेडच्या माणसाला हावरी म्हणजे काय हे ठाऊक नाही, म्हणजे हा नांदेडचा नाही. आणि शाई बनवणारी हावरी बाई ती मीच, असं याला वाटलं आहे. खरं गुपित त्याच्या कानावर पडलं होतं आणि माझ्या खाण्याने झाकलं गेलं होतं. मी आता हात आवरला असता तर तो विचारात पडला असता, आणि गंगाखेडच्या स्टेशनावर त्या शब्दाचा अर्थ त्याला कुणीही सांगितला असता. म्हणून मी पेढा उचलला. मग दुसरा. सातव्या पेढ्याला सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “अगं, पाव्हण्यासमोर तरी दमानं खा.”

गंगाखेडला उतरलो. राणीसावरगावची बैलगाडी दुपारी निघायची होती, म्हणून आम्ही गंगेवर गेलो (तिकडे गोदावरीला गंगाच म्हणतात). पाणी स्वच्छ आणि उथळ होतं. पलीकडच्या वाळूत टरबुजांचे वेल लावायला लोक खड्डे करत होते. गोविंदराव मागोमाग होतेच. त्यांनी वाटेत माझ्यासाठी गरम जिलबी घेतली होती, आणि मी ती घाटावर बसून खात होते. पोटात जागा नव्हती. इंग्रजी पुस्तकांत लोक राजासाठी आणि देशासाठी प्राण देताना मी वाचले होते. शाईसाठी जिलबी खाल्लेलं कुणी भेटलं नव्हतं.

सासूबाई तांब्या भरत होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा बेताने मी म्हटलं, “पत्रिकेचं पुरुषमाणसं बघतील. पण आमचं गोत्र काश्यप हं.”

“काय योग बघा,” गोविंदराव म्हणाले, “आमचंही काश्यपच!”

सकाळपासून ‘आमचंही’ म्हणून म्हणून त्यांच्या तोंडाला ती सवयच लागली होती. मुलामुलीचं गोत्र एक निघालं तर आमच्यात लग्नाची गोष्ट तिथेच थांबते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. आणि हे गृहस्थ आनंदाने हसत होते. सासूबाईंचा तांब्या पाण्यातच थांबला. चूळ भरायच्या निमित्ताने त्यांनी मला खाली बोलावलं.

“ह्याला सोयरीक न्हाई करायची,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मग सकाळपासून काय करायलाय हा आपल्या मागं?”

“शाई, आत्याबाई.”

त्यांचा चेहरा उतरला. “मी तर हावरी सांगून बसले गं त्याला.”

“त्याला वाटलं, ती मी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या जिलबीकडे पाहिलं. मग पदर तोंडात कोंबून अशा हसल्या की हातातला तांब्या सुटला आणि तरंगत निघाला. दोन बायका वाकून हसताहेत आणि तांब्या चालला आहे. शेवटी एका कोळ्याने तो अडवून आणून दिला. डोळे पुसून सासूबाई घाट चढल्या आणि गोविंदरावांसमोर मोठ्याने म्हणाल्या, “सूनबाई, पाव्हण्यांनी एवढं प्रेमानं आणलंय, संपव की.” त्यांच्यातला हिशेबीपणा परत आला होता, आणि त्याची झळ मला लागली.

मी सगळी जिलबी संपवली तेव्हा गोविंदरावांनी विचारलंच. मी आढेवेढे घेतले, आणखी दोन केळी घेतली आणि कृती सांगितली. काजळी करडीच्या तेलाची, सगळे धरतात तशीच. पण डिंक घालायचा नाही, त्याऐवजी गूळ. भरपूर गूळ. चकाकी त्यानेच येते. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं, शिसपेन्सिलीने. शाई कंपनीच्या माणसाजवळ शाई नव्हती. मग पान आणतो म्हणून गेले ते परत आले नाहीत. जाताना त्यांनी कमलचं नावसुद्धा काढलं नाही.

राणीसावरगावची वाट चढाची आणि दगडाची. बैलगाडीच्या प्रत्येक धक्क्याला मला सकाळपासूनचं सगळं क्रमाने आठवत होतं. दोनदा उतरून पायी चालले. भागूबाईने दारातच विचारलं, काय खाल्लंस गं बाई? आणि ओवा आणि मीठ हातावर ठेवलं.

“कंपनीसाठी खाल्लं तिनं,” सासूबाई म्हणाल्या. दहा वर्षांत त्यांनी केलेलं माझं ते पहिलं कौतुक.

भागूबाईच्या खोलीला खिडकी नव्हती. ओळीने दिवे, प्रत्येकावर उपडं मातीचं परळ, आणि वारा लागू नये म्हणून दाराला घोंगडं. परळाच्या पोटाला मखमलीसारखी काजळी धरे. मोराच्या पिसाने ती झाडायची, आणि झाडताना शिंकायचं नाही. मी शिंकले. त्या वर्षी काजळी थोडी कमी आली.

परतीच्या गाडीत आमच्यासमोर एक म्हातारी बसली. तिने सासूबाईंच्या मांडीवरच्या पितळी डब्याकडे बघून विचारलं, ह्यात काय हाय? सासूबाई म्हणाल्या, काजळ. आणि परभणी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला वाटतं, कमलच्या न झालेल्या मांडवाचं त्यांना वाईट वाटत होतं.

मामंजींना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “गूळ किती सांगितला?”

“भरपूर.”

त्यांनी भात मागितला.

ठेक्याच्या वेळी त्या कंपनीच्या बाटल्या कचेरीत आल्या. पहिल्या दिवशी शाई खरोखर चकाकली. दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. उर्दूत नुक्ते (अक्षरांखाली-वर द्यायचे ठिपके) असतात, ठिपका हलला की अक्षर बदलतं. मुंग्या ओळींवर नुक्त्यांसारख्या बसल्या आणि हळूहळू चालू लागल्या. साहेबापुढे कागद वाचून दाखवणाऱ्या पेशकारसाहेबांनी एक अर्ज दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा निराळा लागला. ठेका आमच्याकडे राहिला.

कमललाही पुढे चांगलं स्थळ मिळालं. सासूबाईंनी त्या लोकांना पाणी देण्याआधी गोत्र विचारलं. मला मात्र त्या शेवटपर्यंत हावरी म्हणत राहिल्या, आणि त्या दिवसानंतर मला कधी रडू आलं नाही.

निजामाचं राज्य गेलं, कचेरीत मराठी आली, हातात झरणी (म्हणजे फाउंटन पेन) आली, आणि दुकान मिटलं. खल कुणी नेले माहीत नाही. भागूबाईच्या खोलीच्या जागी आता पिठाची गिरणी आहे. त्या प्रवासाला निघताना मी घरच्या शाईने सामानाची यादी केली होती. घोंगडी एक, तांब्या एक, पितळी डबा एक, धपाटे बारा. ती यादी माझ्या ट्रंकेत आहे. कागद पिवळा पडला आहे. शाई काळी आहे.