चार चकचकीत बोल्ट

आयुष्यभर जुन्या मोटारींची स्टिअरिंगं तपासून दादाला एक खोड जडली होती. खुर्चीत बसण्याआधी तो खुर्ची हलवून बघायचा, जिना चढण्याआधी कठडा. गॅरेजवाले पाठीमागे त्याला ‘हलवूनबघ’ म्हणत. कौतुकाचा शब्द मात्र त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता. त्याला खोट काढता यायची, आणि ती सापडली की स्वारी खूश.

त्या सकाळी त्याला धाकट्या बहिणीनं बोलावलं होतं. तिचा नवरा गेला तेव्हा त्याची साठ वर्षांची जुनी मोटार शेडमध्ये धूळ खात पडली होती. भंगारात देऊन टाक, असं सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठ्यानं दादाच म्हणाला. हिनं ऐकलं नाही. दोन वर्षं पुस्तकं वाचून, मेकॅनिक लोकांचं डोकं खाऊन तिनं गाडी स्वतः उभी केली. दुपारी ती एकटीच डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यानं लेकीकडे निघणार होती. तेवढं स्टिअरिंग बघून दे, म्हणाली.

दादा कुरकुरत्या गुडघ्यांनिशी गाडीखाली शिरला. बहीण वर बसून स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे फिरवत होती आणि तो एकेका जोडावर बोट ठेवून पडला होता. जोड झिजलेला असला, तर त्याचा एक भाग आधी हलतो आणि दुसरा मागून येतो. डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला कळतं. इथं सगळे जोड एकजीव हलत होते. प्रत्येक नटात नवी पिन होती आणि तिची टोकं नीट वळवलेली होती. खोट सापडेना, तशी दादाची उत्सुकता वाढायला लागली. हे हिला शिकवलं कुणी?

मग बॅटरीचा झोत स्टिअरिंग बॉक्सवर पडला. तो बॉक्स गाडीच्या सांगाड्याला चार बोल्टांनी धरलेला असतो, आणि ते चारही बोल्ट आरशासारखे चमकत होते. दादानं मान वाकडी करून जवळून बघितलं. बोल्ट किती ताण सोसेल, हे त्याच्या डोक्यावरच्या खुणांवरून कळतं. इथं खुणांचा मागमूस नव्हता.

कुठून आणलेस, असं त्यानं खालूनच विचारलं. दोन गाडीचेच होते, दोन सुट्या सामानाच्या डब्यात मिळाले, ती म्हणाली. चारही गंजके होते. पंधरा दिवस बसून घासले.

गंजाबरोबर डोक्यावरच्या खुणाही घासून गेल्या होत्या. म्हणजे त्यातले दोन बोल्ट पत्र्याच्या कपाटाचेही असू शकत होते, आणि आता कुठले दोन ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

“अगं, गाडीखालचे बोल्ट कोण बघणार होतं?”



“तू.”

तो तसाच पाठीवर पडून राहिला. मग सरपटत बाहेर आला, दुकानात गेला आणि डोक्यावर ठसठशीत आकडे असलेले चार काळे, कुरूप बोल्ट घेऊन आला. तिनं पाना धरला, त्यानं बॅटरी धरली. शेवटचा बोल्ट तिनं पुरता आवळला आणि हात पुसले, तरी तो उठेना.

“काम झकास केलंयस,” तो म्हणाला. “माझ्या हातून इतकं नेटकं झालं नसतं.”

ती चमकवलेले बोल्ट रुमालात बांधत होती. तिचे हात थांबले.

“हे आधी कधीतरी म्हणाला असतास ना दादा,” ती म्हणाली, “तर मी ते घासलेच नसते.”