घागर भरेपर्यंत अननस

आई गेली आणि आबांनी जेवण सोडलं. सोडलं म्हणजे ताटावर बसायचे, अर्धी भाकरी वरणाच्या पाण्यात भिजवायचे, चार घास गिळायचे आणि हात धुवायचे. भडगावच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, आजार काही नाही, जे खातील ते द्या. जे खातील ते म्हणजे काय, हे सांगणारी बाई पौषातच गेली होती.

मी जळगावला एका संघटनेचं काम करते. मोर्चे, निवेदनं, पत्रकं. पत्रकं बहुतेक मीच लिहिते. दर शनिवारी एसटीने घरी यायचं आणि आबांचा सदरा खांद्यावरून आणखी किती घसरलाय ते बघायचं, असे तीन-चार महिने गेले. आठवडाभर लोकांशी भांडून आलेली मी, घरी कुणाशी भांडायचं तेच कळेना.

मग चैत्रात आंबे आले आणि भांडायला विषय मिळाला.

आबांना आयुष्यात एकच पदार्थ मनापासून आवडतो, आमरस. आमच्याकडे रसात दूध घालतात, वर तुपाची धार, आणि तो वाटीने नाही, तांब्याने मोजायचा. मी बाजारातून आंब्याची पिशवी घेऊन दारात आले तर फुई उंबऱ्यातच आडवी. फुई म्हणजे आबांची थोरली बहीण. भावाचं बघायला म्हणून दोंडाईच्याहून येऊन राहिली होती.

"घागर भरावाबिगर या घरमा आंबा येवाव नही," ती म्हणाली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरतो, तिच्यावर खरबूज, सांजोरी, आंबा ठेवतो. तो आंबा त्यांनी आधी खायचा, मग आम्ही. त्याआधी घरात आंबा चिरत नाहीत. यंदाची घागर आईची. पहिलीच. आखाजीला तीन आठवडे होते.

मी उंबऱ्यातच बोलायला लागले. जिवंत माणूस वाळत चाललाय आणि तुम्ही मेलेल्याची वाट बघताय. हा कुठला न्याय. बायकांनीच बायकांच्या नावाने हे नियम सांभाळायचे आणि घरातल्यांना उपाशी मारायचं. बरंच बोलले. शेजारीण कपडे वाळत घालता घालता थांबली.

फुईने सगळं ऐकून घेतलं. "व्हयनं? तुनं पत्रक जळगावले वाट. आठे माले नको वाची दाखाडू."

मी आबांकडे बघितलं. नियम त्यांच्यासाठी मोडायचा होता, तर एक शब्द त्यांनी बोलावा. ते खाटेवर बसून पिशवीकडे बघत होते. वास आला असणार.

"आते काय, तीन आठवडा तर शेतस," ते म्हणाले. "मी थांबसू."

ते थांबतील. शरीर थांबेल का, हे त्यांनी विचारात घेतलं नव्हतं. आंबे मी शेजारणीला दिले. राग इतका होता की दिवसभर कुणाशी बोलले नाही, आणि बोलले नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या शनिवारी बसस्टँडबाहेर हातगाडीवर अननस दिसले. मला ते फळ आवडत नाही, सोलायला वैताग. पण एकदम लक्षात आलं की अननसाबद्दल कुणी काही ठरवलेलं नाही. आमच्या आज्या-पणज्यांना तो माहीतच नव्हता, त्यामुळे त्याच्यावर बंदी घालायची राहून गेली. दोन घेतले.

फुईने ते उलटसुलट करून बघितले. आक्षेप सापडेना. "काटा शेतस," एवढंच म्हणाली.

मोबाइलवर सॉस करायची कृती होती, शिजवायचं वगैरे. मी पुरती बघितली नाही. रस कसा करतात हे मला माहीत होतं, जन्मभर बघितलेलं. एक सोलला, डोळे काढले, मिक्सरमधून फिरवून गाळून घेतलं, साखर, वेलची, आणि आमच्या पद्धतीने भरपूर दूध. पातेलं फ्रिजमध्ये ठेवून पोळ्या लाटायला बसले. साखरेचा डबा परत ठेवताना फळीवर अंथरलेला कागद दिसला. माझंच पत्रक. उरलेल्या गठ्ठ्यातली पत्रकं आई फळ्यांना अंथरायची. त्यावर मोठ्या टायपात माझंच वाक्य होतं: मेलेल्यांच्या नावाने जिवंतांना उपाशी ठेवू नका. त्यावर हळदीच्या डब्याचा पिवळा गोल उमटला होता. मी डबा त्याच गोलावर ठेवला.

आबांना वाटी दिली. वर तूप. त्यांनी पोळीचा तुकडा बुडवून तोंडात घातला आणि थांबले. माझ्याकडे एकदा बघितलं. मग दुसरा घास, तिसरा. पूर्ण पोळी. दुसरी मागितली. वाटी बोटाने पुसून घेतली.

चार महिन्यांत मी त्यांना असं जेवताना बघितलं नव्हतं. मी मनातल्या मनात जिंकले होते, हे मान्य करते. मग माझी वाटी घेतली आणि पहिला घास तोंडातून परत काढला. कडू. कडुनिंबाचा पाला वाटून घातल्यासारखा कडू, आणि दूध फाटून त्याच्या कण्या झालेल्या.

फुईने बोट बुडवून चाखलं. "कच्चा फळमा दूध? तुले कोनी शिकाडं? लगीनमा आचारी शिरा करस ते आधी अननस शिजाडस. जगले शिकाडाले निंघनी."

मला तिचा राग आला नाही. आबांचा आला. "आबा, हे कडू आहे. तुम्ही खाल्लं कसं? मला बरं वाटावं म्हणून? माझ्यावर उपकार नका करू, जेवा फक्त. खरंखुरं जेवा."

आबा हात धुवून आले. टॉवेलला हात पुसत राहिले, पुसून झाल्यावरही.

"तुनी मायनी बी असाच करेल व्हता," ते म्हणाले.

आबा एसटीत ड्रायव्हर होते. लग्नाच्या पहिल्या वर्षी सुरतच्या गाडीवर ड्यूटी होती, तिकडून त्यांनी अननस आणला. त्यांचे वडील त्याच वर्षी गेलेले, घागर भरायची होती, घरात आंबा नव्हता. आईने अननस पहिल्यांदाच बघितला. तिनेही आमरसासारखाच केला, दूध घालून. पंगतीला सगळी भावकी.

"पहिला घास लिधा आन मी वाटी सरकाई दिन्ही. बठ्ठासना देखता."

"सगळ्यांच्या देखत? मग आई काय म्हणाली?"

"काही नही. बठ्ठा उठी गयात मंग एकली बसनी. बठ्ठा खाई टाका तिनी."

फुई तेव्हा माहेरी आलेली होती. तिने मान हलवली, म्हणजे तिलाही आठवत होतं.

मला काही बोलायचं होतं. अशा वेळी मला वाक्यं सुचतात, तोच माझा धंदा आहे. नवऱ्यांनी सरकवलेल्या वाट्यांवर मी एक अख्खं पान लिहू शकते, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा असेल. पण समोरचा माणूस आजच्या कडू वाटीतलं शेवटचं बोटभरसुद्धा चाटून बसला होता. मी पातेलं मोरीत उलटं केलं आणि दुसरा अननस सोलायला घेतला.

या वेळी शिजवला. फुई स्टुलावर बसून हुकूम देत होती. बारीक चिरलेल्या फोडी स्टीलच्या कढईत, साखर, चिमूटभर मीठ, किंचित लाल तिखट, मंद आंच. पाणी आटलं, रंग गडद झाला, झारा उचलला की जाडसर धार पडायला लागली. गार करून बरणीत भरला. मी त्याला सॉस म्हणत होते, फुई चटणी, आबा काहीच नाही. ते नुसती बरणी पुढे ओढायचे. भाकरीबरोबर, खिचडीवर, एकदा तर कळण्याच्या भाकरीवर तेलासोबत. पुढच्या दोन्ही शनिवारी मी अननस नेले. भाकरी अर्धीची एक झाली, एकीची दीड. सदऱ्याचं म्हणाल तर तो अजून ढगळच होता.

आखाजीला घागर भरली. फुईने खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली, दोन आंबे ठेवले. आबांनी बरणी आणली. तळाशी दोन चमचे उरले होते, ते द्रोणात खरवडून घागरीजवळ ठेवायला लागले.

"हाई नही चालत," फुई म्हणाली.

आबांनी द्रोण ठेवला. फुईने माझ्याकडे बघितलं, बहुतेक मी बोलेन म्हणून. मी पडलेच नाही त्यात. खूप थकले होते, आणि मुख्य म्हणजे कुणाची बाजू घ्यायची तेच ठरत नव्हतं.

मग पाट मांडले. फुईने आमरस वाढला, दूध घालून, वर तूप. आबांनी पहिली वाटी संपवली आणि तांब्याकडे हात केला. फुई घागरीपाशीच रेंगाळली. आमचं लक्ष नाही असं समजून तिने द्रोणात करंगळी बुडवली आणि चाखली.

"साखर जास्ती व्हई गई," ती म्हणाली, आणि पाटावर येऊन बसली.