आज बाई शिकायला गेल्यात

आमच्या शाळेत नवीन शिक्षक रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात, मधल्या सुट्टीत डबे उघडले की दबक्या आवाजात एक प्रश्न येतो. "मॅडम, इथं शिक्षकांना शिकायला पाठवतात म्हणे आणि खर्च शाळा करते. खरंय का?" मी हो म्हणते आणि एखादा किस्सा सांगायला घेते. तो अर्ध्यावर येतोय तोवर शेजारचं कुणीतरी दुसरा काढतं, त्यावरून तिसऱ्याला आणखी एक आठवतो, शेंगाचटणी भाकरीवर तशीच राहते आणि बेल होते. विचारणाऱ्याला धड उत्तर मिळतच नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तो हमखास येतो आणि विचारतो, "माझा नंबर कधी?"

मी या शाळेत मराठी शिकवते आणि कुणाला कुठं शिकायला पाठवायचं हे बघायचं कामही माझ्याकडंच आहे. त्यामुळं माझ्याकडं किश्श्यांचा साठा जरा जास्त आहे.

*

सुरुवात कशी झाली ते आधी सांगते. आमची शाळा विनाअनुदानित. शिक्षकानं काही नवं शिकायचं म्हटलं तर स्वतःच्या खिशातून, नाहीतर राहिलंच. संस्थेचे अध्यक्ष अण्णा. घराणं विणकरांचं, घरी तेलुगू, एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. एका वर्षी आम्ही स्टाफनं त्यांच्याकडं हट्ट धरला की शाळेला स्मार्ट बोर्ड पाहिजे. अण्णांनी कुरकुर न करता आणून दिला.

वर्षभरानं ते शाळेत आले तर बोर्डावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. आम्ही सगळे खाली मान घालून उभे. त्यातल्या त्यात धीटपणे मीच सांगितलं की अण्णा, वापरायची भीती वाटते, बिघडला तर काय करायचं. आता बोलणी बसणार म्हणून आम्ही तयारीत होतो.

अण्णा बाकावर बसले. म्हणाले, कारखान्यात नवं मशीन आणायचं ठरलं की मी आधी माणूस शिकायला पाठवतो, मग मशीन आणतो. "शाळेत नुसतं मशीन आणून ठेवलं. चूक माझी आहे."

त्या उन्हाळ्यात इमारतीला रंग द्यायचं ठरलेलं होतं. अण्णांनी ते रद्द केलं आणि ते पैसे शिक्षकांच्या शिकण्यासाठी बाजूला काढले. अट एकच घातली. जो शिकून येईल त्यानं एका शनिवारी बाकीच्या सगळ्यांना शिकवायचं. जूनमध्ये एका पालकानं पोपडे आलेल्या भिंतीकडं बोट दाखवून विचारलं की फी तर घेता, मग रंग का नाही. अण्णा शांतपणे म्हणाले, "लावतोय की. यंदा आतून लावतोय."

*

पहिला नंबर लागला शबानाबाईंचा. त्या विज्ञान शिकवतात. पुण्यात आठवडाभराचं शिबिर होतं, घरातल्या साध्या वस्तूंतून प्रयोग कसे करायचे याचं. शबानाबाईंना जायचं होतं, पण पदरात तान्हं बाळ. घरी विचारायचं कसं म्हणून त्या दोन दिवस गप्प होत्या. शेवटी त्यांच्या सासूबाईंनीच चेहरा बघून ओळखलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "इत्ती सी बात? मैं भी चलती साथ में. तू पढ, बच्चे कू मैं संभालती."

आता सासूबाईंच्या जाण्यायेण्याचं काय? संस्थेच्या खजिनदारांनी हरकत घेतली. खजिनदार माणूस चांगला, पण घट्ट मुठीचा. त्यांचं म्हणणं होतं की शिक्षक शबाना आहेत, सासू नव्हे. अण्णांनी त्यांना एवढंच विचारलं की सासू नाही गेल्या तर शिक्षक जातील का? मग दोघींची तिकिटं निघाली.

तिकडं सासूबाई रोज बाळाला मांडीवर घेऊन हॉलच्या मागच्या बाजूला बसायच्या. एकही तास चुकवला नाही. रिकाम्या बाटल्या, फुगे, लिंबं, मेणबत्त्या, जे चाललं असेल ते मन लावून बघायच्या. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटताना शिबिरवाल्यांनी त्यांनाही स्टेजवर बोलावलं आणि एक प्रमाणपत्र दिलं. हॉलभर टाळ्या. सासूबाई बाळासकट स्टेजवर.

शबानाबाईंचं प्रमाणपत्र कपाटात आहे. सासूबाईंचं बैठकीच्या खोलीत, फ्रेम करून. गल्लीतल्या कुणाची सून नोकरीचं किंवा शिक्षणाचं काही बोलली आणि घरात कुरबुर सुरू झाली, की त्या तिथल्या सासूला चहाला बोलावतात आणि बरोबर त्या फ्रेमखाली बसवतात.

*

एक किस्सा छोटा आहे, पण सांगायलाच हवा. इंग्रजीच्या स्नेहलबाईंना आम्ही लांबच्या कोर्सला पाठवलं. उत्तम शिकून आल्या आणि वर्षाच्या आत पुण्याच्या एका मोठ्या शाळेत नोकरी धरली. त्यांच्या नवऱ्याची बदली तिकडं झाली होती, दुसरा इलाज नव्हता. खजिनदार फार चिडले. मीटिंगमध्ये म्हणाले, आपण शिकवायचं आणि फायदा दुसऱ्यांनी घ्यायचा.

मलाही तेव्हा आतून वाईटच वाटलं होतं. निरोपाच्या दिवशी अण्णा सोलापुरी चादर घेऊन आले. स्नेहलबाई रडायलाच लागल्या. शाळेचं नुकसान करून चाललेय म्हणाल्या.

अण्णांनी विचारलं, "तिकडं कुणाला शिकवणार?"

"मुलांनाच."

"मग झालं तर," अण्णा म्हणाले आणि चादर त्यांच्या हातात दिली.

*

कोरेसर गणिताचे. अक्कलकोटकडचे, घरी कन्नड. शिस्त अशी की ते व्हरांड्यातून गेले तरी दोन्ही बाजूंचे वर्ग गप्प व्हायचे. निवृत्तीला थोडाच काळ उरलेला असताना ते माझ्याकडं आले आणि म्हणाले की ज्या मुलांच्या डोक्यात आकडे काही केल्या बसत नाहीत, त्यांना कसं शिकवायचं याचा बंगळूरला एक कोर्स आहे. मला जायचंय.

मीटिंगमध्ये खजिनदारांनी अगदी आदरानं विचारलं, "सर, आता निवृत्त होताय. शिकून उपयोग काय?"

कोरेसर म्हणाले, "निवृत्त मी होणार आहे. मुलं नाहीत."

गेले. तिथं गेल्यावर त्यांना पहिल्यांदाच कळलं की काही मुलांना आकडे खरोखरच वेगळे दिसतात, वेगळे वाटतात. तो आळस नसतो आणि मस्तीही नसते. परत आल्यावर शनिवारी आम्हाला शिकवलं, छान शिकवलं, पण मध्येच थांबून खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यांचा एक जुना विद्यार्थी होता, इरण्णा. गणितात दरवर्षी नापास. सरांनी त्याच्या वडिलांना तोंडावर सांगितलं होतं की याच्या डोक्यात काही शिरायचं नाही. त्यानं शाळा सोडली. आता अक्कलकोट रोडला त्याचं मोटरसायकलचं गॅरेज आहे. कोर्सहून आल्यावर पहिल्याच रविवारी कोरेसर तिथं गेले. सरांना बघून इरण्णा हातातला पाना टाकून उभाच राहिला, शाळकरी पोरानं उभं राहावं तसा. सर त्याला म्हणाले, "इरण्णा, तुला गणित येत नव्हतं, ते तुझ्यामुळं नव्हे. मला शिकवता येत नव्हतं."

हे इरण्णानंच मला सांगितलं. म्हणाला, ग्रीसचे हात पुसत होतो. मग एकदम तोंडातून निघून गेलं, "सर, मग आता शिकवा की."

कोरेसर आता निवृत्त आहेत. रविवारी सकाळी त्यांना फोन करू नका. ते गॅरेजमध्ये असतात.

*

पीटीचे बिरूसर मंगळवेढ्याकडचे. घरची मेंढरं, ज्वारीची शेती. आवाज असा की माईक लागत नाही. त्यांना प्रथमोपचाराच्या कोर्सला पाठवायचं ठरलं तेव्हा ते अजिबात खूश नव्हते. म्हणाले, "मॅडम, मला काय शिकवणार? मी शिट्टी वाजवतो, पोरं पळत्यात. त्यात काय शिकायचं ऱ्हायलंय?" मी बरंच समजावलं, शेवटी धमकावलं, तेव्हा गेले.

आल्यावर त्यांच्या शनिवारी आमची फार करमणूक झाली. त्यांनी आम्हा सगळ्यांना एकेक करून जमिनीवर आडवं केलं, कुशीवर वळवलं, कुणाला फिट आली तर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही ते दाखवलं. आम्ही हसून हसून बेजार. खरं सांगायचं तर अर्धं लक्षातही राहिलं नाही.

काही महिन्यांनी सकाळी प्रार्थना चालू होती. ऊन तेव्हाच चटकायला लागलं होतं. सातवीची एक मुलगी रांगेतच कोसळली आणि तिचे हातपाय झटके द्यायला लागले. एकच धावपळ. कुणी हुंगवायला कांदा आणा म्हणतंय, कुणी पायातली चप्पल काढलीय, कुणी चमचा मागतंय.

बिरूसर आले. धावत नाही, चालत आले. चप्पलवाल्याला हातानंच बाजूला केलं. अंगातलं ट्रॅकसूटचं जॅकेट काढून तिच्या डोक्याखाली घातलं, तिला अलगद कुशीवर वळवलं आणि घड्याळात बघत तिच्याजवळ बसून राहिले. तोंडात काही घालू दिलं नाही, पाणी पाजू दिलं नाही, हातपाय दाबून धरू दिले नाहीत. कुणालातरी डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. सगळं इतक्या हळू आवाजात, की हे आपलेच बिरूसर का असं वाटावं.

झटके थांबले. मुलीचे कपडे ओले झाले होते. मी माझी ओढणी तिच्या अंगावर टाकली. भोवती सगळी शाळा उभी, सगळ्यांचे डोळे तिच्यावर. कुठल्याही क्षणी ती शुद्धीवर येणार होती. तेव्हा बिरूसर उठले आणि त्यांचा तो नेहमीचा आवाज लागला.

"सावधान! पीछे मुड!"

सगळं मैदान एका झटक्यात वळलं. पहिलीतल्या चिमुरड्यांपासून दहावीतल्या दांडगटांपर्यंत सगळ्यांच्या पाठी आमच्याकडं. आम्हा शिक्षकांकडंही त्यांनी असं बघितलं की आम्हीही वळलो. मुलीनं डोळे उघडले तेव्हा तिच्याकडं बघणारं तिथं कुणी नव्हतं. फक्त सर शेजारी उकिडवे बसलेले, म्हणत होते की काय न्हाय झालं बाळ, जरा चक्कर आली व्हती.

दुपारी मी त्यांना विचारलं, "सर, ते पीछे मुड कोर्समध्ये शिकवलं होतं का हो?"

"न्हाय मॅडम," बिरूसर म्हणाले. "ते आमचं पीटीचं हाय."

*

आता पद्माबाईंचं. त्या पहिलीला शिकवतात. एके वर्षी त्यांच्या वर्गात आरोही नावाची मुलगी आली. जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळं बोलणं नाही. मूळ गाव मोहोळजवळ, तिथं थोडी शेती. वडील शहरात टेंपो चालवायचे. त्यांनी आधी जिथं जिथं चौकशी केली होती तिथून नकारच आला होता. आमच्याकडं आले तेव्हा आत यायचंही धाडस होत नव्हतं, दारातूनच बोलत होते.

पद्माबाईंनी तिला घेतलं. पण दोन महिन्यांत त्याच माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, "ती दिवसभर माझ्या तोंडाकडं बघत बसते हो. मला काही सांगताच येत नाही तिला. मला हातांची भाषा शिकायचीय."

कोर्स पुण्यात आणि लांबलचक. रजा पगारी द्यावी लागणार. खजिनदारांनी विचारलं, एका मुलीसाठी एवढं? अण्णांनी आम्हाला विचारलं, बाई येईपर्यंत पहिलीचा वर्ग कोण घेणार? आम्ही सगळ्यांनी तास वाटून घेतले. त्या काळात पहिलीच्या पोरांना कुणीही काहीही विचारलं की ती अभिमानानं सांगायची, "आमच्या बाई शिकायला गेल्यात."

बाई आल्या. आरोहीला शिकवलं, तिच्याबरोबर सगळ्या वर्गाला शिकवलं. त्या वयाच्या पोरांना काय, आठवड्याभरात बोटं चालायला लागली. वर्ष संपता संपता तो वर्ग असा झाला की दारातून आत डोकावलं तर सगळं शांत आणि तरी आत नुसता गलका चाललेला.

त्यानंतरची पालकसभा. आरोहीचे वडील नेहमीसारखे शेवटच्या बाकावर बसले होते. नंबर आल्यावर पुढं आले, मुलीला शेजारी उभं करून हात जोडले. पद्माबाई त्या दिवशी सकाळपासून बोलून बोलून दमल्या होत्या. त्यांनी आरोहीची वही उघडली आणि बाकीच्या पालकांशी बोलत होत्या त्याच सुरात म्हणाल्या, "अभ्यास चांगला आहे हिचा. फक्त वर्गात फार बोलते. सारख्या शेजारणीशी गप्पा. जरा समजवा तिला."

वडिलांनी मुलीकडं बघितलं, बाईंकडं बघितलं. बाईंना वाटलं, राग आला की काय. मग त्यांनी खिशातून फोन काढला.

"बाई, हिची आई गावाकडं हाय. तिला लावतो," ते म्हणाले. "आत्ता जे बोल्लात, ते तिला एकदा सांगा की."