मसाजची खुर्ची
नव्या रेक्झिनचा वास आला की मला सोलापुरातलं ते दुकान आठवतं. शुक्रवार पेठेत मी लेडीज पार्लर काढणार होते आणि केस धुवायची खुर्ची घ्यायला सासूबाईंना सोबत नेलं होतं. त्या माहेरच्या नातेपुत्याच्या, आणि पार्लर त्यांना मुळीच पसंत नव्हतं. "डोस्कं धुवायला बाया पैशे देत्यात व्हय? साधी खुर्ची घे की," असं वाटभर चाललं होतं. मला हवी होती पाठीला मसाज करणारी, पण त्यांच्यापुढे बोलायचा धीर होईना. दुकानातल्या बाई हसून म्हणाल्या, "मावशी, बसून तर बघा." सासूबाई पदर सावरत टेकल्या. बाईंनी बटण दाबलं तशा त्या ओरडल्या, "आगं, खाली कोन हाय?" सगळं दुकान हसलं, मग त्याही हसल्या. बाईंनी त्यांचा अंबाडा सोडला, मान बेसिनवर टेकवली आणि कोमट पाणी सोडून बोटांनी हळूहळू डोकं चोळायला सुरुवात केली. सासूबाईंनी डोळे मिटले. शाम्पूचा फेस कपाळावर आला तरी उघडले नाहीत. बऱ्याच वेळाने पुटपुटल्या, "लगीन झाल्यापास्नं माजं डोस्कं कुणी धुतलं न्हाय गं. हीच घे." मी उठवायला गेले तर म्हणाल्या, "थांब जरा, घाई हाय व्हय?" मग मीही स्टूल ओढून शेजारी बसून राहिले. आता दर रविवारी त्या पार्लरमध्ये गिऱ्हाइकांच्या रांगेत बसतात आणि शेजारणीला ऐटीत सांगतात, "सुनंला काय कळतंय? खुर्ची मीच निवडलीया."